दोन बोटं सनस्क्रीन

मेडिकलवाल्याने दोन खोकी काउंटरच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवली. एक ‘डे क्रीम’, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात एसपीएफ १५. दुसरं नुसतंच सनस्क्रीन, त्यावर ठळक एसपीएफ ५०. पहिलं बरंच स्वस्त. “दोन्ही एकच काम करतात ताई,” तो म्हणाला, “ह्याच्यात वरून मॉइश्चरायझर फुकट.” भाचीने माझ्याकडे बघितलं. भाऊबीजेला माहेरी, चकलांब्याला आले की असा एखादा प्रश्न माझ्या गळ्यात पडतोच. शहरात राहणाऱ्या आत्याला सगळं कळतं, असा घरात समज आहे.

दुकानदार खोटं बोलत नव्हता, हे आधी सांगते. ऊन अडवणारी द्रव्यं दोन्हींत बहुतेक तीच असतात. झिंक ऑक्साईड, टायटॅनियम डायऑक्साईड ही पांढरी खनिजं, नाहीतर एव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट अशी रसायनं. एसपीएफ ३० चं मॉइश्चरायझर आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, दोघांचा आकडा एकाच पद्धतीच्या चाचणीतून यायला हवा. म्हणजे कागदावर दोन्ही सारखी. गोम आहे ती त्या चाचणीतच.

चाचणी अशी असते. माणसाच्या पाठीच्या एका तुकड्यावर क्रीम लावायचं, शेजारचा तुकडा तसाच ठेवायचा, आणि दिव्याने नेमके मोजलेले अतिनील किरण दोन्हींवर सोडायचे. उघडी कातडी लाल व्हायला जेवढा मारा लागतो त्याच्या तीसपट मारा क्रीमखालच्या कातडीला लागला, तर तो एसपीएफ ३०. पण ते क्रीम किती लावायचं हे ठरलेलं आहे, दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम. मोठ्या माणसाचा चेहरा ढोबळमानाने सहाशे चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे एका वेळेला सव्वा ग्रॅम, तेही नुसत्या चेहऱ्याला. मान वेगळी.

मान धरून मग किती घ्यायचं? डॉक्टर लोकांनी सोपं माप काढलंय. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून शेंड्यापर्यंत ट्यूबमधून एकेक जाड रेघ ओढायची. एवढं चेहऱ्याला आणि मानेला. घरी करून बघा, हात थबकतो. आपण क्रीम लावतो ते हरभऱ्याएवढं, फार तर वाटाण्याएवढं. लोक प्रत्यक्षात किती लावतात हे ज्यांनी ज्यांनी मोजलं, त्यांना ठरलेल्या मापाच्या पाव ते निम्मंच सापडलं आहे. आणि थर निम्मा झाला की संरक्षण निम्मं होतं, कधी त्याहूनही खाली जातं. खोक्यावरचे ३० मग गालावर पंधरासुद्धा भरत नाहीत.

आता डे क्रीमकडे परत या. त्यावरचे १५ आधीच बेताचे. आणि मॉइश्चरायझर कोणी दोन बोटं भरून लावतं का? तेवढं लावलं तर चेहरा वंगण फासल्यासारखा चमकेल, पावडर धरणार नाही, आणि घरातलीच माणसं हसतील. मॉइश्चरायझर बनवणाऱ्यांनीच ते थोडक्यात पसरावं, पटकन जिरावं, लावल्याचं कळू नये असं बनवलेलं असतं. सनस्क्रीनचं काम नेमकं उलटं आहे. ते जिरून चालत नाही, वर थर म्हणून बसावं लागतं. दोन्ही कामं एका डबीत बसतात, पण लावणारा हात एकाच कामाचा राहतो, आणि तो असतो मॉइश्चरायझर लावणारा हात. दुकानदाराचं ‘फुकट’ इथे महागात पडतं.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या विद्यापीठात हे फोटो काढून तपासलं. ८४ जणांना एकदा सनस्क्रीन आणि एकदा एसपीएफवालं मॉइश्चरायझर लावायला दिलं आणि अतिनील प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चेहरे टिपले. या कॅमेऱ्यात क्रीम लागलेली जागा काळी दिसते, सुटलेली उजळ. सनस्क्रीन लावताना चेहऱ्याचा सरासरी ११.१ टक्के भाग सुटला होता, मॉइश्चरायझर लावताना १६.६ टक्के. सर्वांत जास्त हुकल्या त्या पापण्या आणि डोळ्यांच्या आतल्या कडा. २०१९ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात हे छापून आलं. फरक फार मोठा नाही, मान्य. पण हा नुसता सुटलेल्या जागांचा हिशोब झाला. जिथे लागलं तिथेही मॉइश्चरायझरचा थर कमी अडवत होता.

खरं तर ‘ऊन अडवणारं क्रीम’ चकलांब्यासारख्या गावाला नवं नाहीच. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. तिच्या ट्यूबमध्ये निआसिनमाईडच्या जोडीला ऊन अडवणारी द्रव्यं असत. म्हणजे ज्याला आज आपण एसपीएफवालं मॉइश्चरायझर म्हणतो, तेच गोरेपणाच्या नावाने आमच्या आयांच्या पिढीच्या फडताळात होतं. २०२० साली नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, पण गावात अजून ‘क्रीम’ म्हटलं की तीच आठवते. लग्नाच्या आधी महिनाभर लावायची, बोटाच्या टोकावर घेऊन पाच ठिपके देऊन चोळायची. सनस्क्रीनसुद्धा आपण त्याच पाच ठिपक्यांनी लावतो. सवय तिथूनच आलेली असणार, असं मला वाटतं.

भाची पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे साडेपाचला मैदानावर, साडेसातला घरी, मग अकराच्या सुमाराला काळी-पिवळीने गेवराईला क्लासला, आणि परत. तिला वाटत होतं की सनस्क्रीन पळताना लावायचं. मी तिला अंगणात उभं केलं आणि सावली बघायला लावली. मेडिकलमधल्या कुठल्याही खोक्यापेक्षा सावलीचा हा नियम जास्त कामाचा आहे. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर अतिनील मारा सौम्य. आखूड झाली की जोरदार. पहाटेच्या पळण्यात सावली ताडासारखी लांब असते, तिथे क्रीम वाया. खरी वेळ ती काळी-पिवळीच्या कडेच्या सीटवर बसून जाते ती.

चकलांबा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच जिरते. मे महिन्यात सावली आपल्यापेक्षा आखूड राहते ती साधारण सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत. दिवाळीच्या आसपास सव्वादहा ते दोन. आणि डिसेंबरच्या शेवटी, वर्षातला सूर्य सर्वांत खाली असताना, साडेपाच फुटी माणसाची भरदुपारची सावली भरते पाच फूट. म्हणजे आपल्याकडे बारा महिने असा एकही दिवस नाही, ज्या दिवशी दुपारची सावली माणसाला उंचीने हरवते. “थंडीत कशाला लावायचं?” याचं उत्तर अंगणातच आहे.

अतिनील किरणांचे दोन भाऊ आपल्यापर्यंत पोचतात. आखूड तरंगलांबीचे यूव्हीबी, कातडी भाजणारे. लांब तरंगलांबीचे यूव्हीए, खोल जाणारे, कातडी रापवणारे आणि सुरकुत्या आणणारे. एसपीएफचा आकडा मुख्यतः पहिल्याचा, कारण चाचणीत लालीच मोजतात. यूव्हीए साध्या काचेतून आरपार येतात, ढगाळ दिवशीही येतात, सकाळ-संध्याकाळही त्यांचा जोर तेवढा उतरत नाही. त्यांच्यासाठी खोक्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा पीए पुढे अधिकचिन्हं शोधायची. ही पीएची पद्धत जपानची, चार चिन्हं म्हणजे सर्वांत वरची पायरी. त्या डे क्रीमवर पीएचा पत्ताच नव्हता. माझा कौल तिथेच पडला.

गव्हाळ आणि काळ्यासावळ्या कातडीला मेलॅनिनचं स्वतःचं थोडं संरक्षण असतं. म्हणूनच गोऱ्या लोकांच्या देशात सनस्क्रीनची चर्चा कातडीच्या कर्करोगाभोवती फिरते, आणि आपल्याकडे ती फिरायला हवी डागांभोवती. आपली कातडी सहसा भाजून सोलवटत नाही, ती काळवंडते. आणि बायकांच्या गालांच्या हाडांवर, कपाळावर, वरच्या ओठावर उमटतं ते वांग. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनी, घराण्यात असेल तर, वांगाला निमित्तं बरीच असतात. पण त्याला खतपाणी घालतं ऊन. त्यात एक भानगड अशी, की नुसते अतिनील किरणच नव्हे, डोळ्यांना दिसणारा निळसर प्रकाशही सावळ्या कातडीवर वांग गडद करतो, आणि साधं सनस्क्रीन, पारदर्शक असल्यामुळे, तो अडवत नाही. तो अडवायला आयर्न ऑक्साईड, म्हणजे साध्या भाषेत गेरूसारखा रंग घातलेलं ‘टिंटेड’ सनस्क्रीन लागतं. वांग असलेल्या बाईला मी इतर काही सांगण्याआधी हे सांगेन. शिवाय त्याने तोंड पीठ लावल्यासारखं पांढरंफटक दिसत नाही. झिंकवाल्या सनस्क्रीनला गावात पहिला विरोध होतो तो त्या पांढऱ्या रंगामुळेच. “तोंडाला चुना फासला का?” असं कोणी एकदा विचारलं की ट्यूब कायमची फडताळात जाते.

आता वहिनीकडे येते. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. सकाळी निघताना तिने साडीवरून भावाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला, कॉलर उभी केली, गळ्याचं बटण लावलं, मनगटाची बटणं लावली. डोक्यावरून पदर, त्यावर टॉवेल, त्याची दोन टोकं हनुवटीखालून ओढून मानेमागे गाठ. कमरेला वेचलेला कापूस ठेवायला ओटी. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखांच्या संख्येने ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांतल्या बायकाही असाच शर्ट घालतात. त्यांच्या बाबतीत उसाच्या पानांच्या करवती कडांपासूनही तो वाचवतो. शहरातल्या मुलींचा स्कार्फ आणि ‘सनकोट’ हे याचंच इस्त्री केलेलं रूप.

कपड्याला एसपीएफसारखाच आकडा असतो, त्याला यूपीएफ म्हणतात. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा तो पाच ते सातच्या घरात असतो, आणि घामाने भिजला की आणखी उतरतो, कारण ओल्या धाग्यांतून प्रकाश जास्त शिरतो. घट्ट विणीचं, जाड, गडद कापड कितीतरी जास्त अडवतं. वहिनीच्या अंगावर साडीचा पदर, ब्लाउज, वर जाडसर शर्ट अशा दोन-तीन घड्या होत्या. दिवसभर अडवणारं, पुन्हा न लावावं लागणारं, पैसे न मागणारं सनस्क्रीन. कुठल्याही क्रीमने तिला याच्या जवळपासही नेलं नसतं.

मग क्रीमचा हिशोब करून बघू. उघड्यावर राबणाऱ्या माणसाने दर दोन तासांनी, घाम आला की त्याआधीच, पुन्हा लावायचं असतं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच म्हणजे चार-पाच वेळा. चेहरा, मान आणि दोन्ही हात धरले तर पन्नास ग्रॅमची ट्यूब आठवडाही पुरणार नाही. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईला असा सल्ला देणाऱ्याने आधी एक दिवस ओटी बांधून बघावी.

पण टॉवेलच्या कडेकडे मी नीट बघितलं. भुवयांपासून खाली, नाकाचा शेंडा आणि दोन्ही गालांची हाडं, एवढाच पट्टा उघडा राहतो. आणि वहिनीचं वांग बरोबर तेवढ्याच पट्ट्यावर आहे, जणू टॉवेलने आखून दिलेलं. म्हणून तिच्यासाठी उत्तर निघालं ते असं: बाकी सगळं कापडाने झाकायचं, आणि त्या पट्ट्यापुरतं घामाने चटकन न निघणारं सनस्क्रीन, एक बोट भरून सकाळी आणि एक बोट दुपारच्या भाकरीनंतर तोंड पुसून. पट्टा लहान आहे, ट्यूब पुरते.

मॉइश्चरायझर बाद म्हणायचं का मग? नाही. गावच्या शाळेतली शिक्षिका, पंचायतीतली लिपिक, बँकेत बसणारा मुलगा, घरातून दहा मिनिटांत सावलीत पोचणारी माणसं. त्यांनी एसपीएफ ३० आणि पीएची तीन चिन्हं असलेलं मॉइश्चरायझर भरपूर लावलं तरी पुष्कळ झालं. रोज लावलेलं साधं क्रीम हे कपाटात ठेवलेल्या भारी ट्यूबपेक्षा चांगलं. १९९२ ते १९९६ या काळात ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात १,६२१ लोकांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना रोज सकाळी चेहरा, मान, हात यांना सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांनी आपल्या मर्जीने लावावं. रोज लावणाऱ्या गटाची कातडी उन्हाने म्हातारी होण्याचं प्रमाण चोवीस टक्क्यांनी कमी निघालं. तिथलं सनस्क्रीन होतं जेमतेम एसपीएफ १५ च्या पुढचं. मात्र ते रोज लावलं जात होतं, आणि परत आलेल्या बाटल्यांचं वजन करून किती संपलं तेही बघितलं जात होतं. कातडी गोऱ्यांची, हे खरं, पण रोज लावण्याचा गुण कोणत्याही कातडीला लागू पडावा.

आकड्यांचं वेड मात्र आवरायला हवं. ठरलेल्या मापाने लावलं तर एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के यूव्हीबी अडवतं, ३० अडवतं ९७, आणि ५० अडवतं ९८. म्हणजे तीस आणि पन्नासमध्ये एका टक्क्याचा खेळ. तरी मी भाचीला पन्नासचंच घ्यायला लावलं, कारण मला ठाऊक होतं, ती मापाने लावणार नाही. वरचा आकडा आपल्या कंजूषपणासाठीची सूट म्हणून घ्यायचा. शिवाय आपल्या कायद्यात सनस्क्रीन हे औषध नव्हे, सौंदर्यप्रसाधन आहे. अमेरिकेत ते औषधांच्या नियमांत येतं. आकडा खरा की खोटा यावरून २०२५ मध्ये दोन कंपन्यांचं भांडण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. म्हणून निदान बनवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता आणि वापरायची मुदत तरी खोक्यावर वाचून घ्यावी.

काही तोंडं सनस्क्रीनचीही नसतात, मॉइश्चरायझरचीही नसतात. बांधावरच्या गाजर गवताची, म्हणजे काँग्रेस गवताची ॲलर्जी असलेल्या शेतकऱ्याचा चेहरा आणि मान काळी पडते, जाड होते, खाजते. ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणून तो क्रीमं चोपडत बसतो. हे गवत १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याच्या परागांनी आणि हवेत उडणाऱ्या कणांनी होणारा हा त्वचारोग डॉक्टरनेच बघावा. दुसरं, चेहरा उजळायला म्हणून कोणीतरी सुचवलेल्या स्टेरॉईडच्या मलमांचं. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन असं काही ट्यूबवर असेल तर आठ दिवस चेहरा झकास दिसतो, मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, आणि ऊन लागलं की भाजल्यासारखी आग होते. २०१८ पासून ही मलमं चिठ्ठीवरच द्यायची असा नियम आहे. असा चेहरा घेऊन कोणी ‘सनस्क्रीन चरचरतं’ म्हणत असेल तर दोष सनस्क्रीनचा नसतो.

आणि एक, जे उन्हाळ्यात दरवर्षी सांगावं लागतं. सनस्क्रीन ऊन ‘लागण्या’पासून वाचवत नाही. उष्माघात हा उष्णतेचा, अतिनील किरणांचा नव्हे. त्याला सावली, पाणी, मीठ-साखर आणि दुपारची सुट्टी हेच. ट्यूबलाही तोच उन्हाळा सोसवत नाही. मोटारसायकलच्या डिकीत, पत्र्याच्या घरात खिडकीशी ठेवलेली ट्यूब मे महिन्यात फुटते, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं होतं. तशी निघाली तर टाकून द्यावी. माठाच्या शेजारी ठेवलेली चांगली.

शेवटी भाचीने सनस्क्रीनच घेतलं. मॉइश्चरायझर थंडीत हवं असेल तर आधी ते, थोडं जिरू द्यायचं, वरून सनस्क्रीन, आणि तळहातावर दोन्ही कालवायची नाहीत, एवढं तिला सांगितलं. घरी येऊन तिने बोटांवर दोन रेघा ओढल्या आणि आईला दाखवल्या.

वहिनी डोळे विस्फारून बघत राहिली. “एवढं? आक्का, ह्याच्यात तर माझे आठ दिस जातील!”

मग तिने भाचीच्या मधल्या बोटावरची रेघ स्वतःच्या बोटावर उचलून घेतली, टॉवेलची गाठ सैल केली आणि भिंतीवरच्या आरशात बघत गालांच्या हाडांवरून, नाकावरून, दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत ती रेघ पुरवत नेली. तोंड पांढरं दिसत होतं. बाहेरून कोणीतरी “चला की ओ” म्हणून हाक मारली, आणि ती तशीच निघाली.